कोबा स्लॉटचा वाढदिवस

७ जानेवारी, मंगळवार

ही वही आमच्याच कंपनीची. दर नाताळात गिऱ्हाइकांना वाटायचो. पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत छापलंय, 'क्रोन हीटिंग : घर गरम, डोकं थंड'. ऑक्टोबरात कंपनी विकली, वह्यांचे दोन खोके तेवढे माझ्याकडे राहिले. ग्रीत म्हणाली, "सीम, दिवसभर जे मला सांगत बसतोस ना, ते या वहीत लिहीत जा. वही मध्येच उठून जात नाही." चाळीस वर्षं माझ्या धंद्याचे फोन तिने घेतले, तेव्हा बायकोच्या सल्ल्याला मी मान देतो.

आज सकाळी मी फ्रिज ऐकत होतो. आमचा फ्रिज बंद होताना शेवटी एक उसासा टाकतो, तो मला पटत नाही. तेवढ्यात ग्रीत आली आणि म्हणाली, "माइंडर्टचा फोन होता. त्याचा कॉम्प्युटर चालू होत नाहीये. जाऊन ये. सावकाश ये." फोन वाजलेला मला ऐकू आला नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण माझे कान साधे नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या रेडिएटरमधला बुडबुडा मी तळघरातून ओळखलेला आहे.

माइंडर्टना त्र्याऐंशी पूर्ण होतील. कालव्याची दारं उघडून बोटी सोडायच्या आणि पुन्हा दारं लावायची, या नोकरीत त्यांचा जन्म गेला. मी सतरा वर्षांचा असताना त्यांच्या चौकीत शेगडी बसवली, ती माझी पहिली. तेव्हापासूनची दोस्ती. त्यांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली.

कॉम्प्युटरचा प्लगच काढलेला होता. वायरीची सुबक गुंडाळी करून वर रबर लावलेलं.

"माइंडर्ट, याला वीज लागते."

"असं होय!" म्हणाले.

मग कॉफी, एक बिस्किट, आणि लगेच डब्याला झाकण. दोन कप आधीपासूनच मांडलेले होते. एकटा माणूस, दोन-दोन कप पितो वाटतं.

९ जानेवारी, गुरुवार

पुन्हा बोलावणं. आज पडद्यावरचं सगळं उलटं झालं होतं, पाय वर, डोकं खाली. मी कॉम्प्युटरच उलटा करून ठेवायचा विचार करत होतो, तेवढ्यात माइंडर्ट म्हणाले, "त्या दोन कळा एकदम दाबून बघ बरं, सहज." दाबल्या. सुलटं झालं. नशीब लागतं या धंद्यात.

पण आज खरी गोष्ट कळली. माइंडर्ट आमच्या गावच्या बर्फमंडळाचे चिटणीस आहेत, एकेचाळीस वर्षं. मंडळाचं एक मैदान आहे. नोव्हेंबरात त्यात घोट्याइतकं पाणी सोडायचं, ते गोठायची वाट बघायची, आणि गोठलं की त्यावर स्केटिंग करायचं. गेली कित्येक वर्षं पाणी पाणीच राहिलंय. तरी सभासद दोनशे बारा, कार्यकारिणी सातजणांची, आणि भांडणं बर्फ होता तेव्हापेक्षा जास्त. नवे अध्यक्ष एवाउट, विमा कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांनी ठराव आणलाय. सभासदांची सगळी यादी चिटणिसाने तेरा मार्चपर्यंत मंडळाच्या नव्या ऑनलाइन वहीत स्वतः, आपल्या घरच्या कॉम्प्युटरवरून भरायची. नाही जमलं तर वीस मार्चच्या वार्षिक सभेत चिटणीस बदलायचा. नवा चिटणीस कोण? एवाउटचे मेहुणे. ते सभेला कॉम्प्युटर काखेत मारूनच येतात.

"सोडून द्या की," मी म्हटलं. "कशाला त्रास?"

माइंडर्टनी खिडकीबाहेर मैदानाकडे पाहिलं. पाण्यावर बदकं होती. "सीम, हे पद गेलं तर माझ्याकडे दोनच विषय उरतात. गुडघे आणि गोळ्या. लोक मला विचारतात, 'माइंडर्ट, यंदा गोठणार का?' उद्यापासून विचारतील, 'माइंडर्ट, गोळी घेतली का?'"

मी तिथेच ठरवलं. यादी जाणार म्हणजे जाणार. मी शाळा सोडली पंधराव्या वर्षी, बाकी सगळं बॉयलरने शिकवलं. कॉम्प्युटर तरी काय? आत काहीतरी वाहतं, कुठेतरी अडतं.

१४ जानेवारी, मंगळवार

आज मुळापासून काम केलं. मागचं झाकण काढून व्हॅक्युम क्लीनर लावला. कान लावून ऐकलं. पंख्याच्या आवाजात खर होती, घसा बसल्यासारखी. दोन तास खपलो. आता खर गेली, त्या जागी शिट्टी आली. शिट्टी ही खरेपेक्षा वरची अवस्था, बॉयलरमध्येही असंच असतं. मागच्या बाजूला एक तुकडा जास्तीचा निघाला. माइंडर्टनी तो खिडकीत ठेवलाय.

जाताना एक गंभीर गोष्ट ध्यानात आली. छत्री विसरलो म्हणून परत फिरलो, तर दाराबाहेर मला आतून कळा वाजताना ऐकू आल्या. धडाधड, पत्र्यावर गारा पडाव्यात तशा. माइंडर्ट तर एका बोटाने टाइप करतात. एक अक्षर, मग माझ्याकडे एक नजर, मग दुसरं अक्षर. मी बेल वाजवली, आवाज थांबला.

घरी येऊन ग्रीतला सांगितलं, "त्यांच्या कॉम्प्युटरला व्हायरस झालाय. आपला आपण टाइप करतो."

"अगं बाई," ग्रीत म्हणाली. "मग आठवड्यातून तीनदा जावं लागेल."

२१ जानेवारी, मंगळवार

मंडळाच्या त्या नव्या वहीत पाऊल ठेवलं. पासवर्ड ठरवायचा होता. मी नियम सांगितले. मोठी अक्षरं हवीत, आकडे हवेत, एखादं चिन्ह हवं. आणि कुठेही असा लिहून ठेवायचा नाही की बघणाऱ्याला कळेल की हा पासवर्ड आहे.

"म्हणजे लिहायचा, पण दुसरंच काहीतरी वाटलं पाहिजे," माइंडर्ट म्हणाले.

"बरोबर."

ते विचारात पडले. मग एकदम चेहरा खुलला. मी तत्त्व म्हणून पाठ फिरवली. पण कानांना पाठ नसते. तेरा टकटक ऐकल्या. त्यातल्या तीन जोडकळांच्या, म्हणजे एक कळ धरून ठेवून दुसरी दाबायची, तिचा आवाज जरा दबका येतो. मग माइंडर्ट पेन घेऊन संडासात गेले. या वयात माणसाला वाचायला काहीतरी लागतंच, पेन कशाला लागतं ते मात्र कळलं नाही.

यादी भरायला सुरुवात केली. एक तासात सभासद चार.

३० जानेवारी, गुरुवार

आज सभासद एकोणीस. माझ्या देखरेखीखाली चार, बाकीचे पंधरा त्यांनी म्हणे "मध्येच कधीतरी" भरले. शिकवणीचा परिणाम हळूहळू होतो, पण होतो.

शेजारच्या अफ्राबाई आल्या नाहीत. त्या दर गुरुवारी साडेदहाला माइंडर्टकडे कॉफीला येतात. सहा वर्षांत एकदाही चुकल्या नव्हत्या. आज त्या आपल्या खिडकीत उभ्या होत्या आणि आम्हाला दिसेल अशा बेताने काच पुसत होत्या. काच स्वच्छच होती.

"भांडलात का?" मी विचारलं.

"मी? गेल्या गुरुवारी चांगल्या बसल्या होत्या. जरा संडासला जाऊन आल्या, कोट चढवला आणि गेल्या. बिस्किटसुद्धा अर्धं ठेवलं."

मी उठून संडासातली टाकी ऐकून आलो. टाकीचा काही दोष नव्हता.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पाणी गोठलं!

गावाला वेड लागलंय. बेकरीपुढे रांग सोडून लोक आकाशाकडे बघतायत. एवाउटनी तातडीची बैठक लावली आणि मोबाइल वर धरून जाहीर केलं, "यात दाखवतंय, जाडी पाच सेंटिमीटर. शनिवारी मैदान उघडू."

माइंडर्ट उठले. गमबूट घातले, हातगिरमिट आणि पट्टी घेतली, बांधावर फळी टाकली आणि चार पावलं जाऊन भोक पाडलं. सगळी कार्यकारिणी काठावर.

"दोन," ते म्हणाले. "ईशान्येच्या कोपऱ्यात दीड. तिथे खाली झरा आहे."

"पण यात तर पाच दाखवतंय!"

"मग त्यावरून घसरा," माइंडर्ट म्हणाले.

मैदान उघडायला नियम सात सेंटिमीटरचा आहे. संध्याकाळी वारा फिरला, पाऊस आला, बदकं परत आली. या माणसाच्या जागी एवाउटचा मेहुणा म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. तो फळीवर पाऊल ठेवायच्या आधी फळीचं चार्जिंग बघेल.

सभासद एकतीस.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते ग्रीतलाही सांगणार नव्हतो, पण सांगितलं.

माइंडर्टच्या संडासात गेलो. दारामागे सगळ्यांकडे असतं तसं वाढदिवसाचं कॅलेंडर आहे. या कॅलेंडरला वार नसतात, साल नसतं, एकदा टांगलं की जन्माला पुरतं. बसल्या बसल्या आपण पानं चाळतोच. मार्चचं पान उलटलं. नऊ मार्च माझा. आणि नऊ मार्चच्या ओळीवर काय? 'कोबा स्लॉट १९४१!'

कोबा स्लॉट! कोण ही? शेहेचाळीस... नाही, एकोणपन्नास वर्षांची दोस्ती, आणि माझ्या दिवशी ही बाई, वर उद्गारचिन्हासकट. सगळं कॅलेंडर पाहिलं, मी कुठेच नाही. मासेवाला आहे. दाताची डॉक्टर आहे. मागे मेलेला कुत्रा आहे, नावावर क्रॉस मारून. मी नाही.

आमच्याकडे माणूस तोंडावर गोड बोलतो, ते सोडून द्यायचं. खरं काय ते त्याच्या संडासात लिहिलेलं असतं.

ग्रीत म्हणाली, "तुला इतकं लागलं असेल तर विचार की त्याला सरळ."

"विचारू? काय विचारू? तुमच्या संडासात माझी किंमत काय?"

"हो. असंच विचार."

विचारणार नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

विचारलं नाही. पण अन्यायही सहन केला नाही. खिशात पांढऱ्या शाईची बाटली नेली, टाइपच्या चुका खोडायची असते ती. कोबा स्लॉटवर दोन हात दिले. वाळल्यावर वर लिहिलं, 'सीम १९५९'. सुवाच्य. उद्गारचिन्ह दिलं नाही, आपल्याला तसली हौस नाही. ही बाई जिवंत असती तर एवढ्या वर्षांत एकदा तरी नाव निघालं असतं. मेलेल्यांची नावं राहू देण्यात अर्थ नाही.

माइंडर्टना कळेल तेव्हा कळेल. मात्र ते संडासात चष्मा नेत नाहीत, असं त्यांनीच मागे सांगितलंय.

मन हलकं झालं. सभासद अठ्ठ्याण्णव.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

कॉम्प्युटर मंद चालतो अशी तक्रार मी केली (माइंडर्ट म्हणतात, त्यांना चालतो). तेव्हा आज धुलाई केली. जुन्या रेडिएटरमध्ये जसा काळा गाळ साठतो, तसा कॉम्प्युटर आठवणी साठवतो. कुठे कुठे गेलो होतो, काय काय टाइप केलं होतं, कुठला पासवर्ड मला आपोआप भरायचा आहे. सगळं पुसून टाकलं. एक पाटी आली, 'नक्की पुसायचं का?' घाबरट असतात ही यंत्रं. हो म्हटलं.

अफ्राबाई अजून येत नाहीत. माइंडर्ट गुरुवारी दोनच्या जागी तीन कप मांडतात आणि मग एक कपाटात परत ठेवतात. मी पाहिल्याचं दाखवलं नाही.

९ मार्च, रविवार

माझा वाढदिवस. पाहुण्यांची बैठक गोल. ग्रीतचं अभिनंदन, माझं अभिनंदन, माझ्या मेहुणीचं अभिनंदन, सगळ्यांचं सगळ्यांनी केलं, तशी इथली रीतच आहे. अफ्राबाई आल्या, पण माइंडर्टच्या अगदी समोरची खुर्ची घेतली, जिथून माणसाला फक्त बघता येतं. त्यांनी माझा हात धरून म्हटलं, "वाढदिवसाच्या शुभेच्छा, सीम. आजच्या दिवशी आणखीही कुणाचा तरी वाढदिवस असतो, असं ऐकते."

"कुणाचा?" माइंडर्टनी साधेपणाने विचारलं.

"तुम्हीच सांगा," म्हणाल्या, आणि दुसरा केक घेतला. आमच्याकडे दुसरा केक असा कुणी आग्रह केल्याशिवाय घेत नाही. मी ओळखलं, बाईंचं डोकं ठिकाणावर नाही.

माइंडर्टनी मला लोकरी मोजे दिले. सभासद दोनशे बारा, धुलाईच्या दिवशीच सगळे भरून झाले होते, तेव्हापासून ती ऑनलाइन वही बंदच आहे. फक्त शेवटचं 'पाठवा' दाबायचं. मी म्हटलं, मंगळवारी माझ्यासमोर दाबा.

११ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

वही उघडायला गेलो तर तिने पासवर्ड मागितला.

"आजवर कधी मागत नव्हती," माइंडर्ट म्हणाले. "आपोआप उघडायची."

मला गाळ आठवला.

"हरकत नाही. लिहून ठेवलाय." चष्मा लावून ते संडासात गेले. मी कानाने ऐकत होतो. पान उलटलं. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा पान, पुढे, मागे. बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर राग नव्हता, तेच वाईट.

"सीम, कोबाच्या जागी तू कसा आलास?"

मी सांगितलं. सांगताना माझे कान गरम झाले. तेही मला ऐकू आलं, असं म्हटलं तरी चालेल.

"अरे बाबा, कोबा स्लॉट नावाची बाई जगात नाही. आडनावच बघ ना. स्लॉट म्हणजे आपल्या डच भाषेत कुलूप. तूच म्हणालास, लिहा पण दुसरंच वाटलं पाहिजे. म्हणून तिला जन्माला घातली."

"पण माझ्याच दिवशी?"

"एवढा एकच दिवस मला चष्म्याशिवाय पाठ आहे. म्हटलं, तारीख विसरणार नाही." ते खुर्चीत बसले. "तुला कशाला लिहू त्या कॅलेंडरवर? विसरायची भीती असते त्यांना लिहितो मी. मासेवाला, दाताची डॉक्टर."

मी वाकून पंख्याची शिट्टी जरा जास्तच वेळ ऐकली.

आता खरा पेच. तारीख पाठ, पण पासवर्डात तारीख नाहीच. नाव पाठ आहे, पण साल? एकोणचाळीस की चाळीस? मलाही घडीला आठवेना. आणि चिन्ह कुठलं? मी नखाने पांढरी शाई खरवडली, तर खालचा कागदही आला. पहिला प्रयत्न, १९४० आणि प्रश्नचिन्ह. चूक. माइंडर्ट म्हणाले, थांबू. मी म्हटलं, माझ्या डोळ्यासमोर येतंय, १९४२. तेही चूक. पडद्यावर लाल पाटी, 'एक प्रयत्न शिल्लक. त्यानंतर अध्यक्षांशी संपर्क साधावा.'

अध्यक्षांशी! म्हणजे एवाउटला फोन करून सांगायचं की चिटणीस आपलंच कुलूप विसरला. सभेत दुसरं काही बोलायची गरजच नाही. गुरुवारी मुदत संपते.

माझ्या या वहीत अठरा फेब्रुवारीला सगळं लिहिलेलं आहे, हे आत्ता लिहिताना पान मागे उलटल्यावर...

१२ मार्च, बुधवार

काल मध्येच थांबलो. पान उलटलं खरं, पण त्यावर ग्रीतने कॉफीचा कप ठेवला होता. 'कोबा स्लॉट १९' एवढं दिसतं, पुढे तपकिरी तळं. ग्रीत म्हणाली, "तू वही उघडी टाकलीस, मला वाटलं रद्दी." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सगळ्यांवर पांढरी शाई टाकणाऱ्याच्या वहीवर काळी कॉफी.

आज अफ्राबाईंचा वाढदिवस. त्र्याहत्तर... की सत्त्याहत्तर. माइंडर्ट यायला तयार नव्हते. "मला बघून त्या आणखी काच पुसतील."

"चला. वाढदिवसाला न जाणं म्हणजे कबुली दिल्यासारखं."

"कसली कबुली?"

"ते त्या सांगतील."

ग्रीतने सफरचंदाचा केक दिला. दार अफ्राबाईंनीच उघडलं. माइंडर्टनी हात पुढे केला, "वाढदिवसाच्या शुभेच्छा, अफ्राबाई."

"लक्षात राहिला म्हणायचा! तीन दिवसांपूर्वीचा गाजावाजा संपला वाटतं?"

"कसला गाजावाजा?"

"अहो माइंडर्ट, मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे, खुळी नाही. मी त्या दिवशी पान उलटलं ते माझा बारा मार्च लिहिलाय का बघायला. लिहिलाय. 'अफ्रा', पुढे टिंब. आणि तीन ओळी वर? 'कोबा स्लॉट, एकोणीसशे एक्केचाळीस,' पुढे उद्गारचिन्ह! सहा वर्षं मी गुरुवारी येते, मला टिंब. आणि ही कोण कुठली तुमच्याहून वयाने मोठी बाई, तिला उद्गारचिन्ह!"

मी दारातच बोटांवर मोजलं. टाइप करायला कोबाच्या (Koba) कळा चार, स्लॉटच्या (Slot) चार, साल चार, उद्गारचिन्ह एक. तेरा. आणि जोडकळा तीन, दोन मोठ्या अक्षरांच्या, एक चिन्हाची. माझे कान खोटं बोलत नाहीत.

"अफ्राबाई," मी म्हटलं, "तुम्ही आत्ता बर्फमंडळ वाचवलंत."

"मी काही वाचवलं नाही, मी भांडतेय!"

मग माइंडर्टनी सगळं सांगितलं. कोबा नाही, कुलूप आहे, चिन्हाची मागणी यंत्राची होती, साल जुनं घेतलं ते मुद्दाम, कुणाला संशय येऊ नये म्हणून. अफ्राबाई ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर रागाला बाहेर पडायला वाट सापडेना.

"म्हणजे दीड महिना मी एका पासवर्डवर रुसले होते?"

"कागदावर चांगली दिसत होती ती," माइंडर्ट म्हणाले.

त्या हसल्या, मग डोळे पुसले, मग म्हणाल्या, "आत या, वारा येतोय." केक कापला. मी लवकर उठलो. ते दोघं उठले नाहीत.

१३ मार्च, गुरुवार

साडेदहाला अफ्राबाई कॉफीला हजर. त्यांनीच मोठ्याने एकेक अक्षर सांगितलं, सरकारी साक्षीदारासारखं. माइंडर्टनी दाबलं. उघडलं. 'पाठवा' दाबलं. दोनशे बारा सभासद गेले. घरी येऊन अठरा फेब्रुवारीच्या पानावर तपकिरी तळ्यात बुडालेली अक्षरंही मी पुन्हा गिरवून काढली.

संडासात डोकावलो. नऊ मार्चला पांढरी खरवड आणि भोक, त्यावर चिकटपट्टी लावून माइंडर्टनी लिहिलंय, 'सीम'. मी म्हटलं, आता कशाला? म्हणाले, "तू विसरू नयेस म्हणून."

२१ मार्च, शुक्रवार

काल वार्षिक सभा झाली. शाळेच्या जिमखान्यात, लाकडी बाकांवर. सभासद एकसष्ट, वाटाण्याचं सूप. ग्रीत आणि अफ्राबाई शेजारी शेजारी बसल्या होत्या.

एवाउटनी यादी पोचल्याचं मान्य केलं. मग घसा खाकरला. "परंतु चिटणिसांनी ती स्वतः भरली, की मित्रांच्या मदतीने, हा प्रश्न उरतोच. माझी विनंती आहे, त्यांनी इथेच, सर्वांसमोर, एक नवा सभासद नोंदवून दाखवावा." मेहुण्यांनी काखेतला कॉम्प्युटर काढून टेबलावर ठेवला. भिंतीवर चित्र दिसायची सोयही केलेली होती. तयारी आधीपासून.

मी उठलो. एका बोटाने हा माणूस एकसष्ट लोकांसमोर! मी म्हटलं, "अध्यक्ष महाराज, मी बाजूला उभा राहतो, नुसता."

माइंडर्टनी माझ्याकडे पाहिलं. मग ग्रीतकडे पाहिलं, का ते कळलं नाही. ग्रीतने खांदे उडवले, जणू 'आता काय इलाज' म्हणतेय. ते मला म्हणाले, "बस सीम, माझ्यासाठी खूप केलंस तू."

त्यांनी बाह्या सारल्या. दहाही बोटं कळांवर ठेवली. आणि गारा पडल्या. नाव, पत्ता, जन्मतारीख, कालव्याच्या कुठल्या बाजूला राहतो, बर्फाच्या कामाला येईल का, सगळं. मेहुण्यांचं तोंड उघडं पडेपर्यंत नवा सभासद नोंदला गेला होता. वर त्यांनी मेहुण्यांनी भरलेल्या नमुना अर्जातल्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि खाली एक ओळ टाइप केली, 'ईशान्य कोपऱ्यात झरा आहे, फळी टाकावी'. एकसष्ट लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

"हे... हे कुठे शिकलात?" एवाउटनी विचारलं.

"कालव्यावर वीस वर्षं टेलेक्स चालवत होतो, टाइप करून निरोप पाठवायचं यंत्र," माइंडर्ट म्हणाले, आणि लगेच पुढे, "पण हात केव्हाच गंजला होता. त्यावरचा गंज सीमने काढला."

माझा ऊर भरून आला. अडीच महिन्यांत! बॉयलर सुद्धा मी इतक्या कमी वेळात सुधारलेला नाही. टेलेक्सचं त्यांनी मला आधी सांगितलं असतं तर आणखी लवकर झालं असतं. चिटणीस एकमताने कायम. मेहुण्यांनीही हात वर केला. त्यांना सूप हवं होतं.

मग एवाउट हसून म्हणाले, "म्हणजे आता क्रोनसाहेब मोकळे! त्यांच्या मदतीची गरज उरली नाही."

सभागृहात सगळे हसले. मीही हसलो. हसता हसता मनात वार मोजले. काल मंगळवार नव्हता, पण पुढे मंगळवार येणार होता. त्याच्या पुढच्या आठवड्यातही येणार होता. ग्रीतने माझ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू एकदम मावळलं. तिच्या डोळ्यांत मला आमचा फ्रिज दिसला.

तेवढ्यात अफ्राबाई उठल्या. त्यांना सभेत बोलायची सवय नाही, घाईघाईने म्हणाल्या, "सीम, तुम्ही मोकळे असाल तर... माझ्या प्रिंटरमधून आवाज येतो. कसलातरी. कुणीतरी कान लावून ऐकायला हवा."

"कसला आवाज?" मी विचारलं. "खर की शिट्टी?"

त्यांनी ग्रीतकडे पाहिलं. "दोन्ही," म्हणाल्या.

अवघड केस आहे. मी म्हटलं, उद्याच येतो. त्या म्हणाल्या, उद्या नको, प्रिंटर शनिवारी विकत घेणार आहेत. मंगळवारी दहाला ठरलंय.